बिनधारेचं ब्लेड

फरशी कापायच्या मशीनचं नवंकोरं ब्लेड दुकानात हातात घ्या आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवा. खुशाल फिरवा, काही होणार नाही. दात नाहीत, धार नाही. थोडी खरखर जाणवते, इतकंच. या ब्लेडने तुम्हाला साधा टोमॅटोही चिरता येणार नाही. आणि हीच बोथट चकती मशीनवर चढली, की जिच्यावर खिळ्याने ओरखडाही उठत नाही अशा व्हिट्रिफाइड टाइलमधून दीडेक मिलीमीटर रुंदीची सरळ चीर काढत जाते. धारच नाही, तर कापतंय काय?

आधी ज्याला कापायचं, त्या फरशीकडे बघू. नगर जिल्ह्यात पायाखाली काळा पाषाण अमाप आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बसाल्ट विहीर खणताना लागतो, डोंगर फोडताना लागतो. तरी घरातली फरशी मात्र आपल्याकडे बाहेरूनच येत राहिली. कारण बसाल्टचे पातळ तक्ते सहजी निघत नाहीत. शहाबादी निघते. शहाबाद आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला दगड चुनखडीचा, पाण्याखाली थरावर थर साचून झालेला, त्यामुळे तो थराथरानेच सुटतो. कोटा आणि कडप्पा हे त्याच चुनखडीच्या कुळातले. हा दगड तसा मऊ. जुना मिस्त्री छिन्नीने रेघ आखायचा, रेघेवर हातोडीने हलके ठोके देत जायचा आणि फरशी दोन तुकडे करून ठेवायचा. मशीन लागायचंच नाही.

मग मोरबीच्या टाइल आल्या. आज नगरच्या सावेडीत किंवा केडगावात नवी इमारत उभी राहते तेव्हा तिच्यात शहाबादी क्वचितच दिसते. गुजरातेतल्या मोरबीहून आलेली, दोन बाय दोन किंवा दोन बाय चार फुटांची व्हिट्रिफाइड टाइल दिसते. चिकणमाती, फेल्डस्पार आणि गारेची, म्हणजे क्वार्ट्‌झची पूड एकत्र दाबून बाराशे अंश सेल्सियसच्या आसपास भाजली, की तिच्यातला बराचसा भाग वितळून काचेसारखा होतो आणि सगळे कण एकमेकांत घट्ट बसतात. इतके घट्ट, की ही टाइल पाण्यात बुडवून ठेवली तरी स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही.

फ्रीडरिख मोह्स या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी मांडली. वरच्या पायरीवरचं खनिज खालच्यावर ओरखडा काढतं, खालचं वरच्यावर नाही. साधा नियम. शहाबादीतलं कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर. चांगलं पोलाद साडेपाच-सहाच्या जवळपास. गार सातवर. म्हणजे टाइलमध्ये असे कण ठासून भरलेले आहेत, की ज्यांच्यापुढे पोलादाची करवतच झिजून जाईल.

मग आपल्या पाथरवटांनी पोलादी टाकीने काळा पाषाण घडवला कसा? नगरच्या किल्ल्याजवळची दमडी मशीद बघून या. सोळाव्या शतकातलं काम, दगडावर असं कोरीव काम की बघत राहावं. त्याचं रहस्य ठोक्यात आहे. टाकी ओरखडत नाही, फोडते. हातोड्याचा सगळा जोर टाकीच्या टोकाएवढ्या जागी एकवटतो आणि दगडाचा एक टवका उडतो. पण दहा मिलीमीटर जाडीच्या टाइलवर ठोका घातलात, तर टवका उडायच्या आधी टाइलच वाटेल तशी फुटते. तिला ठोका चालत नाही, तिला काहीतरी तिच्याहून कठीण लागतं. आणि कठीणपणाच्या शिडीवर सर्वांत वर, दहाव्या पायरीवर, एकच खनिज आहे.

हिरा.

तुमच्या अंगठ्याला जी खरखर लागली, ते हिरे होते. खरेखुरे. अंगठीतला हिरा ज्या कार्बनचा, त्याच कार्बनचे, त्याच रचनेचे. मिलीमीटरच्या पाचव्या-सातव्या भागाएवढे बारीक, पण हिरेच.

काही शे रुपयांच्या चकतीत हिरे परवडतात कसे? अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा जवळपास एकमेव देश भारत होता. गोवळकोंड्याचं नाव त्यामुळेच जगभर झालं. त्या काळी फरशी कापायला हिरा वापरा म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. (मण्यांना भोकं पाडायला मात्र आपल्याकडे फार पूर्वीपासून हिरा वापरतात. खंबातचे कारागीर अकीकाचा मणी विंधतात तो टोकाला दोन बारीक हिरकण्या बसवलेल्या सामत्याने, वरून पाण्याची धार ठेवून. पाणी आणि हिरा ही जोडी पश्चिम भारताला नवी नाही.)

चित्र पालटलं ते १६ डिसेंबर १९५४ ला. अमेरिकेत स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल या रसायनतज्ज्ञाने प्रचंड दाबाच्या यंत्रातून हिऱ्याचे बारीक स्फटिक बाहेर काढले. स्वीडनमधल्या आसेआ कंपनीच्या लोकांनी हे १९५३ मध्येच साधलं होतं, पण त्यांनी ते गुपित ठेवलं, म्हणून नाव हॉलचं झालं. आज हवेच्या दाबाच्या ५०-६० हजार पट दाब आणि तेराशे ते सोळाशे अंश उष्णता देऊन औद्योगिक हिरा कारखान्यात तयार होतो. जमिनीच्या पोटात दीडशे किलोमीटर खाली जे घडतं, ते एका यंत्राच्या खोबणीत.

यातली सर्वांत नवलाची गोष्ट पुढे आहे. नुसत्या कार्बनला कितीही दाबलं तरी तो इतक्यावर हिरा व्हायला राजी होत नाही. त्याला मध्यस्थ लागतो आणि तो मध्यस्थ म्हणजे वितळलेलं लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट. कार्बन त्या धातूत विरघळतो आणि हिरा होऊन बाहेर पडतो. आता दाब काढून घ्या आणि उष्णता तेवढी ठेवा. तेच लोखंड उलट दिशेने मध्यस्थी करू लागतं. सातशे-आठशे अंशांच्या पुढे, लोखंडाशी घासत असलेला हिरा पुन्हा काळं ग्राफाइट व्हायला लागतो. ज्याने घडवलं तोच मोडतो! टाइलच्या ब्लेडने जाता जाता एखादी सळई कापून घ्यायचा मोह साइटवर होतोच. तो का आवरायचा, हे यावरून कळेल. दगडापुढे अजिंक्य असलेला हिरा तापलेल्या लोखंडापुढे हरतो.

आता ब्लेडच्या कडेकडे भिंगातून बघू. मधली चकती पोलादाची. तिच्या कडेला काही मिलीमीटरची पट्टी, कोबाल्ट, तांबं, कथील, लोखंड अशा धातूंच्या पुडीत हिऱ्याचे कण कालवून, दाबून, भाजून पक्की केलेली. प्रत्येक कण धातूत अर्ध्याहून जास्त रुतलेला, थोडासाच वर आलेला. एकदा वापरलेल्या ब्लेडवर आणखी एक गोष्ट दिसते: प्रत्येक कणाच्या पाठीमागे धातूची एक निमुळती शेपटी असते. पुढून येणाऱ्या टाइलच्या भुकटीने आजूबाजूचा धातू झिजतो, पण कणाच्या आडोशाला असलेला धातू टिकतो आणि त्याची शेपटी होते. ही शेपटी कणाला मागून आधार देते. ब्लेडवर बाण छापलेला असतो तो यासाठी. ब्लेड उलटं चढवलंत, तर आधार पुढे येतो, पाठ उघडी पडते आणि कण भराभर निखळतात. बाण बघायला दोन सेकंद लागतात. नाही बघितला, तर ब्लेडचं आयुष्य घटतं.

आता वेग बघा. मिस्त्रीच्या हातातला चार इंची मार्बल कटर, ब्लेड ११० मिलीमीटरचं, मिनिटाला १२,००० फेरे धरले, तर कडेवरचा हिरा ताशी २५० किलोमीटरच्या वेगाने धावतो. टेबलवरच्या मोठ्या मशीनचं दहा इंची ब्लेड मिनिटाला २,८०० ते २,९०० फेरे घेतं, तरी त्याची कड ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या मध्ये असते. या वेगाने कण टाइलवर आपटतो, डोळ्याला न दिसणारी एक भेग पाडतो, कणभर भुकटी उडवतो आणि पुढे जातो. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे तिसरा. तुम्हाला दिसते ती चीर या अर्थाने दळलेली असते.

दळताना जातंही झिजतंच. हिऱ्याचा कण हळूहळू चपटा होतो, त्याला तडा जातो, शेवटी तो धातूतून निखळतो. मग ब्लेड बोथट व्हायला हवं ना? होत नाही, कारण तोवर भोवतालचा धातूही झिजलेला असतो आणि खाली दडलेला पुढचा कण वर डोकावायला लागतो. तो धातू कोण झिजवतं? टाइलचीच भुकटी, पाण्यात मिसळून, वाळूच्या गाऱ्यासारखी घासत. म्हणजे जिला कापायचं तीच कापणाऱ्याला धार लावत राहते. ब्लेड धारदार राहतं ते झिजतं म्हणूनच. जे ब्लेड झिजणार नाही ते कापणारही नाही.

ब्लेड निवडायचा उलटा वाटणारा नियम इथून निघतो. कठीण टाइलला मऊ धातूचं ब्लेड, मऊ आणि खरखरीत मालाला कठीण धातूचं. व्हिट्रिफाइड टाइल कठीण असल्याने हिरे लवकर बोथट होतात आणि तिची भुकटी बारीक असल्याने धातू लवकर झिजत नाही. म्हणून धातू मऊ हवा, पटकन झिजून नवा कण वर आणणारा. उलट विटेची किंवा सिमेंटच्या ब्लॉकची भुकटी धातू भराभर खाते. तिथे मऊ धातू असेल तर धडधाकट हिरेही निखळून पडतील. म्हणून दुकानात ‘एक चांगलं ब्लेड द्या’ म्हणू नका. काय कापायचंय ते सांगा.

आकारही बघा. ज्याची कड सलग आहे, मध्ये खाचा नाहीत, ते ब्लेड टाइलसाठी. खाचांची कड काँक्रीट आणि ग्रॅनाइटला बरी, हवा खेळते, भुकटी बाहेर पडते. पण प्रत्येक खाच टाइलच्या चकाकीवर एक टकटक देते आणि कडेचे टवके उडतात. नागमोडी कडेचं, ज्याला टर्बो म्हणतात, ते दोन्हींच्या मधलं. बाथरूमच्या दर्शनी भिंतीला सलग कडेचंच घ्या, थोडं सावकाश कापतं तरी.

आणि कधीतरी ब्लेड कापायचं थांबतं. झिजलेलं नसतं, कड भरपूर शिल्लक असते, पण आवाज चिरका होतो, टाइल करपल्यासारखी तापते, रेघ भरकटते. कडेवर बोट फिरवलं तर खरखर गेलेली, नुसता गुळगुळीत चकचकाट. हिरे चपटे झालेत आणि धातू झिजायला तयार नाही. बरेच जण इथे ब्लेड फेकून देतात. थांबा! जातं गुळगुळीत झालं की आपल्या आज्या काय करायच्या? दारावरून ‘टाकीऽऽ’ अशी हाळी देत जाणाऱ्या बाईला बोलवायच्या. ती टाकीने जात्याच्या तळीवर नवे खड्डे पाडून द्यायची आणि जातं पुन्हा दळू लागायचं. ब्लेडलाही टाकी लावता येते. कच्ची भाजलेली वीट किंवा सिमेंट-वाळूच्या ब्लॉकचा तुकडा घ्या, पाणी चालू ठेवा आणि त्यात चार-पाच उथळ चिरा काढा. विटेची खरखरीत भुकटी कडेचा धातू खाते, नवे हिरे वर येतात. पुढच्याच टाइलला फरक कळतो. हे करून बघाल, तर कुणालाही सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी जादू तिथे आहे.

दगड दाण्याने घासून कापायची युक्ती हिऱ्याच्या ब्लेडहून कितीतरी जुनी. इजिप्तमध्ये गिझाला खुफूच्या पिरॅमिडलगत बसाल्टची फरसबंदी आहे, सुमारे साडेचार हजार वर्षांची. त्या काळ्या दगडांवर करवतीच्या खुणा आजही दिसतात. तेव्हा त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, होतं ते तांबं, बसाल्टहून कितीतरी मऊ. मग कापलं कशाने? वाळूने. वाळूतली गार सातव्या पायरीवरची; करवत फक्त तिला मागे-पुढे फिरवत होती. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकानेही हे नोंदवून ठेवलंय: संगमरवर कापतं असं वाटतं ते लोखंड, प्रत्यक्षात कापते ती वाळू.

यासाठी इजिप्तला जायचीही गरज नाही. पारनेर तालुक्यात निघोजला जा. कुकडी नदी तिथे नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या मधून वाहते आणि तिच्या पात्रातल्या काळ्या पाषाणात रांजणखळगे आहेत. माणूस सहज आत उभा राहील एवढे खोल, भिंती कुणी कातून काढल्यासारख्या गुळगुळीत वळणांच्या. हे कुणी खोदलं? नुसत्या पाण्याने बसाल्टला काही होत नाही. पण पुराच्या पाण्यात गोटे असतात, वाळू असते. एखाद्या खाचेत भोवरा होतो, गोटा त्यात अडकतो आणि गरगरत राहतो. गोटा झिजून संपतो, पुढचा पूर नवा गोटा आणून टाकतो. पाण्याची कामं तिथे तीन: घासणाऱ्याला फिरवायचं, झालेला चुरा बाहेर काढायचा आणि नव्या दाण्याला वाट करून द्यायची. टाइलच्या मशीनखालच्या पाण्याच्या तबकात, हातभर जागेत, नेमकं हेच चालतं. निघोजला पावसाळ्यामागून पावसाळे जातात, इथे मिनिटभर पुरतं.

मशीनमध्ये पाण्याला चौथं काम असतं: थंड ठेवायचं. एक छोटा हिशोब मांडा. मोटर एक किलोवॉटची धरू. ती जे काम करते ते जवळजवळ सगळं शेवटी उष्णताच होतं, सेकंदाला १,००० ज्यूल. ही सगळी उष्णता त्या दीड मिलीमीटरच्या चिरेत साठली तर हिरे आणि धातू करपायला वेळ लागणार नाही. आता तिच्यावर मिनिटाला फक्त एक लिटर पाणी सोडा. पाणी एक अंशाने तापवायला ग्रॅममागे ४.२ ज्यूल लागतात. हिशोब केला तर सगळी उष्णता गिळूनही पाणी जेमतेम १४ अंशांनी तापतं. लोखंडाला तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या नऊपट पाण्याला लागते. कूलरला असतो तसा एक छोटासा पंप एका लिटरच्या धारेने हिऱ्याला वाचवतो. मला त्याच्यापुढे मशीनची मोटरसुद्धा फिकी वाटते.

आणि पाण्याचं पाचवं काम हिऱ्यासाठी नाही, माणसासाठी आहे. टाइलमध्ये गार असते हे वर आलंच. कोरडी टाइल कापली की ती गार हवेत उडते. डोळ्यांना दिसणारा पांढरा ढग त्यातल्या त्यात बरा, तो नाकाघशात अडकतो. घातक आहे तो न दिसणारा, काही मायक्रॉनचा कण. तो थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो आणि तिथेच राहतो. फुप्फुस त्याच्याभोवती वण तयार करत जातं, श्वास कमी कमी होत जातो आणि गेलेलं फुप्फुस परत येत नाही. याला सिलिकोसिस म्हणतात. कारखाना कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत तो नोंद घ्यायच्या आजारांत होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा स्फटिकी सिलिकाची धूळ कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातली. पण फरशीचा मिस्त्री कारखान्यात नसतो. तो तुमच्या अर्धवट बांधलेल्या बाथरूममध्ये, खिडकी बंद ठेवून, तोंडाला रुमाल बांधून बसलेला असतो. रुमालातून हा कण आरपार जातो. ब्लेडवरची पाण्याची धार त्याला जन्मताच चिखलात बसवते. काम तुमच्या घरी चालू असेल, तर पाण्याचं मशीन मागा, ओलं कापायला सांगा, वर चांगला मास्क द्या. एवढं आपण करू शकतो.

पण ओलं म्हणजे कसं? आपल्याकडे एक दृश्य नेहमीचं आहे: मिस्त्री हातात चार इंची कटर धरून कापतोय आणि मदतनीस झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून ब्लेडवर पाणी शिंपडतोय. धूळ बसते, खरं आहे. पण हा साधा कटर पाण्यासाठी बनलेला नसतो. पाणी मोटरच्या जाळीतून आत जातं आणि हात ओला असतो. पाण्यासाठी बनलेलं मशीन घ्या, आणि ज्या बोर्डावरून वीज घ्याल तिथे ३० मिलीअँपिअरला तुटणारं गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, असल्याखेरीज सुरू करू नका. वायरला प्लगच्या अलीकडे खाली एक झोळ ठेवा, वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळावरून खाली टपकेल, प्लगपर्यंत जाणार नाही.

मशीन निवडताना लोक आधी अश्वशक्ती विचारतात. मी आधी लांबी विचारीन. दोन बाय दोनची टाइल सरळ कापायला ६० सेंटिमीटर पुरतात, पण तीच तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापायची तर ८५ लागतात. दोन बाय चारची टाइल सरळ लांबीत कापायला १२० हवेत. तुमचा सर्वांत लांब काप कोणता ते ठरवा, मग मशीन बघा. खोलीची काळजी टाइलला नसते, दहा मिलीमीटरला सात-आठ इंची ब्लेड भरपूर होतं. जाड शहाबादीही कापणार असाल तर दहा इंची घ्या. मोटर इंडक्शनची असेल तर आवाज कमी आणि कार्बन ब्रश बदलायची कटकट नाही. मात्र गावाकडे व्होल्टेज पडतं तेव्हा ती जादा करंट ओढून तापते, अशा वेळी थांबलेलं बरं. आणि फक्त एका बाथरूमचं काम असेल, सगळे काप सरळ असतील, तर मशीन घेऊच नका. हाताने ओढायचा टाइल कटर वरच्या चकाकीवर रेघ ओढतो आणि दाबलं की टाइल रेघेवर तुटते. धूळ नाही, वीज नाही. पाण्याचं मशीन लागतं ते नळाभोवतीच्या खाचेला, एल आकाराच्या तुकड्याला, बोटभर रुंद पट्टीला, ४५ अंशांच्या कडेला.

मशीन काटकोनात कापतंय का, हे बघायची एक सुंदर युक्ती आहे. टाइल मधोमध कापा. एक तुकडा उलटा करा, म्हणजे चकाकी खाली, आणि दोन्ही तुकडे एकाच सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा जुळवा. काप काटकोनात असेल तर कडा चिकटतील. नसेल तर मध्ये फट पडेल आणि ती चुकीच्या दुप्पट असेल. गुण्या लावून जी चूक डोळ्याला दिसत नाही ती इथे दुप्पट होऊन समोर येते.

कापताना टाइलची चकाकी वर ठेवा, कारण टेबल मशीनचं ब्लेड समोरच्या बाजूला वरून खाली उतरतं. टवके उडालेच तर खालच्या अंगाला उडतात. ढकलू नका. मोटरचा आवाज जड झाला की समजा, तुम्ही हिऱ्याला दळायची उसंत देत नाही आहात. शेवटच्या इंचाला वेग आणखी कमी करा, नाहीतर उरलेली चिंचोळी कड स्वतःच्या वजनाने मोडते आणि कोपरा जातो. त्याहून खात्रीचं म्हणजे आधी त्या टोकाकडून इंचभर चीर देऊन ठेवा, मग पलीकडून कापत येऊन तिला मिळा.

देखभालीत सगळ्यात जास्त लक्ष पंपाकडे द्या. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, क्षाराचं. पाणी उडून जातं, क्षार नळीच्या तोंडाशी बसतो, धार बारीक होते आणि ब्लेड अर्धवट कोरडं फिरायला लागतं. धार ब्लेडच्या दोन्ही अंगांवर पडतेय का, हे काम सुरू करताना रोज बघा. तोंड बुजलं असेल तर नळीचं तोंड व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवा, क्षार सुटतो. पंपाची जाळी धुवा. संध्याकाळी तबक रिकामं करून पंप पाच मिनिटं स्वच्छ पाण्यावर चालवा, कारण आत राहिलेला चिखल रात्रीत घट्ट होतो आणि सकाळी पंप नुसता गुरगुरतो. सरकत्या टेबलाचे रूळ पुसून कोरडे करा. वाळूइतका बारीक चुरा तिथे राहिला, तर जे ब्लेड टाइलचं करतं तेच तो रुळांचं करतो. ब्लेड काढाल तेव्हा प्लग आधी काढा, ब्लेड धरणाऱ्या दोन्ही वाट्या पुसा. तिथे चिखलाचा थर राहिला तर ब्लेड डुगतं, आणि डुगणारं ब्लेड रुंद चीर आणि तुटके काठ देतं. ठेवताना आडवं रचून न ठेवता खुंटीला टांगा.

राहता राहिला तबकातला चिखल. त्यात टाइलची पूड आहे, धातूची पूड आहे आणि दिवसभरात निखळलेले हिरेही आहेत. तो बाथरूमच्या जाळीत ओतू नका. खालच्या पाइपच्या बाकात तो असा बसतो की नवी फरशी पुन्हा फोडावी लागते. बादलीत रात्रभर ठेवा, सकाळपर्यंत पाणी वर आणि चिखल खाली होतो. वरचं पाणी सावकाश काढून पुन्हा मशीनला वापरा. खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत भरून तोंड बांधा आणि बांधकामाच्या राड्यारोड्याबरोबर द्या. उघड्यावर सुकू दिलात, तर पाण्याने खाली बसवलेली तीच गार वाऱ्याबरोबर पुन्हा हवेत जाईल.